छत्तीस पायऱ्या

पांगळ्या माणसाच्या सन्मानाची पाटी छत्तीस पायऱ्यांवर लावायची आणि वर टाळ्या पिटायच्या, हे आमच्या स्लेथर्पच्या नगरपालिकेलाच सुचावं.

जोनास अ‍ॅक्रॉइड. दीडशे वर्षांपूर्वी चौकातलं घड्याळ त्यानं बनवलं, ते अजून चालतंय. जन्मापासून त्याच्या पायांत जीव नव्हता. गाव त्याला साफ विसरलं होतं. शोधून काढलं मेव्हिस ओल्ड्रॉइडनं. पोलिओनं लहानपणीच चाकाच्या खुर्चीत बसवलेली ही बाई अकरा वर्षं चर्चमधली जुनी कागदपत्रं उपसत होती. शेवटी पाटी मंजूर झाली. पडदा तिनंच उघडायचा, हेही ठरलं. आणि समारंभाच्या सकाळी नगराध्यक्ष क्रॅबट्री तिच्या दारात हजर.

"मेव्हिसबाई, पायऱ्यांचं कुणाच्या लक्षातच आलं नाही हो. पडदा मी उघडतो. तुम्हाला फोटो पाठवू ना, चांगले मोठे, रंगीत!"

"आणि केक?"

"अर्थात! केकसुद्धा पाठवू."

"तो तुमच्या कुत्र्याला घाला." तिनं दार आपटलं.

मी आत चहा करत होतो. मी विल्फ, मेव्हिसचा शेजारी. उजवा हात गिरणीच्या यंत्रानं खाल्ला, त्यानंतर वीस वर्षं डाव्या हातानं गोदामात लोकरीच्या गाठी वर चढवल्या.

"चौघं मिळून उचलून नेऊ तुला," मी म्हणालो.

"लग्नातल्या नवरीसारखी? आणि खाली सगळं गाव 'अगं बिचारी' करणार? मेले तरी नाही. जोनास गेला असता का असा?"

"मग तो कसा जायचा?"

विचारलं आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. पाटी लागणार ती जागा म्हणजे जोनासचाच कारखाना. लोकरीच्या गोदामाचा सगळ्यात वरचा मजला! तो रोज तिथं काम करायचा!

मेव्हिसनं खुर्ची अशी फिरवली की माझा कप सांडला. कागदांच्या पेटीतून तिनं जोनासचं बहिणीला लिहिलेलं पत्र ओढलं. "ऐक! 'रोज सकाळी गाठींच्या आधी मला चढवतात. मुकादम म्हणतो, गाठी बऱ्या, त्या बडबड करत नाहीत.'"

"कप्पी!" मी ओरडलोच. "मेव्हिस, तो कप्पीनं जायचा!"

आमच्याकडच्या प्रत्येक गोदामाच्या भिंतीत मजल्यागणिक एकावर एक दारं असतात, थेट हवेत उघडणारी, आणि छपराशी कप्पी. माल तिथूनच आत जातो. त्याच कप्पीखाली मी वीस वर्षं उभा होतो. पण चढायचं म्हटलं की आम्हा चालणाऱ्या गाढवांना पायऱ्यांपलीकडे दिसतंय कुठे?

जोनासच्या इमारतीत खालच्या दोन मजल्यांवर आता हॉरेसचं गालिच्यांचं दुकान. त्याची कप्पी विजेवर चालते.

"अर्धा टन उचलते," हॉरेस म्हणाला. "मेव्हिस तेवढी भरणार नाही. जीभ धरून भरेल कदाचित."

"तोंड आवर आणि पट्टे बांध," मेव्हिस म्हणाली.

आधी तिच्या दुप्पट वजनाचे गालिचे चढवून पाहिले. मग खुर्चीला चार पट्टे, मेव्हिसला दोन. मी पायऱ्या चढून वर धावलो, कारण वरच्या त्या हवेत उघडणाऱ्या दाराची कडी आतून होती.

वर पाहतो तर काय! दगडी भिंतीत स्क्रू जाईना, म्हणून या शहाण्यांनी पाटी त्याच लाकडी दाराच्या आतल्या बाजूला ठोकलेली, आणि पुढं जमिनीपर्यंत मखमली पडदा. मंडळी चहाच्या रांगेत होती. मी पडद्यामागं शिरलो.

क्रॅबट्री सुरू झाले. "शरीरानं दुबळा, बिचारा, पण..."

कडी गंजलेली. हलेना! मी बूट काढला आणि टाचेनं ठोकायला लागलो.

"हे ठोकतंय कोण?" कुणीतरी म्हणालं.

"जुनी इमारत आहे," क्रॅबट्री म्हणाले आणि बोलत राहिले.

दारापलीकडून, थेट हवेतून, आवाज आला. "विल्फ मेल्या, वारा सुटलाय! उघड!"

"...तर मी आता या पाटीचं अनावरण करतो!"

दोरी ओढली गेली. त्याच क्षणी कडी सुटली. पडदा दुभंगला, दार पाटीसकट आत उघडलं, आणि भगभगीत उजेडात, रस्त्यापासून तीस फुटांवर, टोपीवरून रुमाल बांधलेली मेव्हिस ओल्ड्रॉइड खुर्चीत बसून लोंबत होती.

कुणाचा तरी कप फुटला.

दाराशेजारी टांगलेल्या, गाठ ओढायच्या जुन्या आकड्यानं मी खुर्ची आत घेतली. खाली हॉरेसनं दोर सैल सोडला. चाकं फळ्यांवर टेकली. धप्प! मेव्हिसनं रुमाल सोडला आणि टोपी सरळ केली.

"पडदा लावा," ती म्हणाली.

"अं?" क्रॅबट्री.

"पडदा मी उघडणार होते. परत लावा. आणि तो 'बिचारा' परत घ्या. दीडशे वर्षं त्याच्या घड्याळावर जेवताय तुम्ही."

मी दार बंद केलं, पाटी जागेवर आली. गळ्यातली सोन्याची साखळी सावरत नगराध्यक्षांनी स्वतःच्या हातानं पडदा ओढून घेतला, काहीतरी पुटपुटले. "मोठ्यानं," मेव्हिस म्हणाली. "शब्द मागे घेतो," ते मोठ्यानं म्हणाले. मग तिनं दोरी ओढली. जोनास अ‍ॅक्रॉइड, घड्याळजी. टाळ्यांनी छप्पर हाललं. खाली रस्त्यावर हॉरेस ट्रकचा भोंगा वाजवत सुटला.

"पण बाई, आता तुम्ही उतरणार कशा?" क्रॅबट्रींनी घाम पुसत विचारलं.

"जोनास उतरायचा तशी. आधी तो केक आणा."