पेन्सिलीचा शेरा

आमच्या साहेबांना पेन्सिलीची भारी हौस. फाइलवर शेरा पेन्सिलीनं मारायचा. मग आम्ही तशी टिपणी टाइप करायची, शेरा खोडायचा आणि स्वच्छ कागद सहीला ठेवायचा. अकरा वर्षं मी हेच केलं. खोडण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

मे महिन्यात पाण्याच्या टँकरच्या मंजूर खेपा संपल्या. निधी शिल्लक नाही, असं मी लिहून दिलं. साहेबांनी शेजारी लिहिलं, 'चालू ठेवा.' मी टिपणी टाइप केली, शेरा खोडला आणि टँकरवाल्याला फोन केला. साहेबांनी सही उद्यावर ढकलली, ती ढकललीच. तोवर सव्वीस खेपा जास्तीच्या झाल्या होत्या.

आता जबाबदारी निश्चित करायला चौकशी अधिकारी आले होते. ठपका बसला की वसुली पगारातून, आणि नोकरीचं काय ते नंतर.

"मी असा आदेश दिलेलाच नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "ज्योत्स्नाबाईंनी परस्पर केलं."

थोडी तरी लाज वाटावी माणसाला! पण फाइलीतल्या कागदावर कुठं रेघही नव्हती. तो इतका स्वच्छ मीच केला होता.

माझी सगळी भिस्त धनीबाईवर होती. टँकर जायचा त्या मेडशीकडच्या तांड्यावरून तिला मीच बोलावलं होतं. पाणी खरंच पोचलं एवढं तिनं सांगितलं, तर निदान खोट्या खेपांचा संशय तरी जाईल.

"पाणी आलं होतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आलं न साहेब. रोज आलं."

मी श्वास सोडला.

"कुणी पाठवलं?"

धनीबाईचा चेहरा उजळला. "या बाईनं! साहेब तं आमी कवा पाह्यलेच नाई. मी हिले फोन केला, अन् दुसऱ्या दिवशी गाडी हजर. हिच्यामुळंच आमची लेकरं पाणी पेली. लिहा, साहेब, हिचंच नाव लिहा!"

अधिकाऱ्यांनी लिहिलं. पेनानं. साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले.

धनीबाईनं अंगठा उठवला, मग शाईच्याच हातानं माझा हात धरला.

"आता तुले बढती भेटन न वं, माय?"



"हो," म्हटलं, आणि तिच्या अंगठ्याखाली, तो तिचाच म्हणून, माझी सही केली.