रेषेबाहेरचा ठिपका

अभय जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्रांवर बसवून देतो. पोटापाण्याचा धंदा. नकाशा सरकवायचा, फिरवायचा, ताणायचा, थोडा तिरका करायचा, की जुनी गल्ली नव्या गल्लीवर चपखल बसते. लोकांची गावंच्या गावं त्याने अशी जागेवर आणली. स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा मात्र गाडं अडलं.

आई जाऊन उद्या वर्ष होणार होतं. चिंचपोकळीची चाळ पाडल्यावर तो तिला बदलापूरला घेऊन गेला, आणि शेवटपर्यंत ती एकच म्हणत राहिली, "माका घराक व्हर रे." तेव्हा काही नेणं झालं नाही. आता निदान तिच्या उंबऱ्यापाशी दिवा लावावा, तर तिथे टॉवर उभा, आणि उंबरा नेमका कुठे होता, देव जाणे.

चाळीचा नकाशा हाताशी होता. जुन्या नकाशात आणि आजच्या चित्रात, दोन्हीकडे सापडतील अशा तीन खुणा हव्या होत्या. मारुतीचं देऊळ, बुजवलेली विहीर, पिंपळ. झोपेतही सांगितल्या असत्या. पण तिन्ही एकाच रस्त्याला, एका रेषेत. तशा तीन ठिपक्यांवर नकाशा धड बसत नाही, रेषेच्या दोन्ही अंगांना हवा तसा ताणता येतो. आईची खोली कधी लिफ्टमध्ये जाई, कधी थेट रेल्वेच्या रुळांवर. वैतागून अभय स्क्रीनवर ओरडला. घरात ऐकायला कोण होतं?

शेवटी त्याने सीमाला फोन लावला. शाळेतली मैत्रीण, मागच्या चाळीत राहायची.

"अरे, आमचं बुद्धविहार आहे की अजून, रस्ता सोडून आत," ती म्हणाली. "तुला कसं आठवणार? तुमची मागची खिडकी तुझ्या वडिलांनी कधी उघडू दिली नाही. ते मिलमध्ये गेले की काकू उघडायच्या. माझी आई इकडून, त्या तिकडून. दुपारभर गप्पा."

अभयला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बदलापुरात आईची दुपार कशी जाते, हेही त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला रडू आलं.

नकाशावर विहार होतंच, नाव न लिहिलेला एक चौकोन. त्यावर ठिपका ठेवला आणि चाळ टॉवरच्या पार्किंगवर गपकन बसली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो पणती घेऊन गेला. गेटवर वॉचमनने अडवलं.

"किसके यहाँ जाना है?"

"आईकडे," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"फ्लॅट नंबर?"

"खोली सतरा," अभय म्हणाला. "मागची खिडकी."