जळगावची भट्टी

माझं डोकं लवकर तापतं. १९९२ साली तर ते तापायला धुळ्याच्या उन्हाचीही गरज नव्हती.

मला पीएच.डी. करायची होती, आणि ती मोतीलाल अहिरे सरांकडेच. सर साक्रीकडच्या एका खेड्यातले. मुंबईला डॉक्टरेट, दोन वर्षं जर्मनी, आणि मग हट्टाने आमच्या कॉलेजात. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते. ती का वाहते, हे सर गणिताने शोधायचे. जिन्याखालची खोली, फळा, खडू आणि कागद, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. त्यांचे शोधनिबंध वाचून परदेशातून पत्रं येत. कॉलेजात मात्र म्हणत, अहिरे सर भिंतीकडे बघायचा पगार घेतात.

आणि अशा माणसाला मार्गदर्शक म्हणून मान्यता नव्हती. विद्यापीठाचा नियम असा की भौतिकशास्त्राचं संशोधन केंद्र म्हटलं की प्रयोगशाळा हवी. सरांनी पुन्हा पुन्हा लिहिलं की माझं काम सैद्धांतिक आहे, मला यंत्र लागत नाही. दर वेळी उत्तर यायचं, यंत्रसामग्रीचा तपशील जोडा. सुताराकडे लोहाराचा भाता मागावा तसं.

तिकडे भडगावला माझे वडील, आबा, थांबायला तयार नव्हते. "पोरी, आखाजीलोंग वाट दखस. मंग मी कोनं ऐकाव नही," त्यांनी सांगून टाकलं होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत नाव नोंदवलं गेलं तर शिकायचं, नाही तर पाचोऱ्याचं स्थळ ठरलेलंच होतं.

शेवटी आमचे विभागप्रमुख भाईदास सर यांनी वाट काढली. त्यांचे साडू जळगावच्या एका कॉलेजात होते. विद्यापीठाची समिती यायच्या आदल्या दिवशी तिथून टेम्पो भरून सामान आलं. त्यात विजेची एक भलीमोठी भट्टी होती. उखर्डू शिपायाने आणखी तिघांना हाताशी घेऊन ती सरांच्या खोलीत ओढली.

"हे खोटं आहे," अहिरे सर म्हणाले.

"सगळी कॉलेजं हेच करतात. समितीलाही ठाऊक असतं," भाईदास सर म्हणाले. "प्रयोगशाळाप्रमुख म्हणून मी सही करतो. तुम्ही फक्त गप्प उभे राहा."

मी सरांपुढे हात जोडले. एका दिवसाचं नाटक, मग आपण आणि आपला फळा. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझ्यासाठी."

समितीत तिघे होते. अध्यक्षांनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी भट्टीवर थाप मारली. किती तापते, कुठून घेतली, सगळं भाईदास सरांना विचारलं. फळ्याकडे एकानेही मान वळवली नाही. जाता जाता अध्यक्षांनी अहिरे सरांना एकच प्रश्न केला.

"तुमची जागा राखीव होती ना?"

"नाही. खुली होती."

"असं का," म्हणत ते चहाकडे वळले. मला ती किटली त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. सर मात्र हसून बाजूला झाले, आणि मला त्या हसण्याचाही राग आला.

आखाजीला आठवडा उरला असताना निकाल आला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. प्रयोगशाळा उत्तम, केंद्राला मान्यता. मात्र अहिरे यांच्या नावावर प्रयोगावर आधारित संशोधन नाही, म्हणून मार्गदर्शक प्रयोगशाळाप्रमुख. म्हणजे भाईदास सर. ज्यांनी एवढ्या वर्षांत एक निबंध लिहिला नव्हता ते.

भाईदास सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. नावनोंदणीचा अर्ज पुढे सरकवला आणि माझ्या हातात आपला पेन दिला.

"सही कर, लीला," अहिरे सर हळूच म्हणाले. "शिकवीन मीच. नाव कुणाचं का असेना."

त्यांचं ते शांत राहणं मला सहन होईना. मी भाईदास सरांना म्हटलं, "करते. आधी भट्टी दाखवा."

"भट्टी कशाला आता?"

"प्रयोग करायचाय ना मला. मान्यता तिलाच मिळालीय."

दाराशी उभा असलेला उखर्डू म्हणाला, "बठ्ठं सामान त्याच रोज जळगावले परत गयं ताई."

"तू बाहेर हो," भाईदास सर त्याच्यावर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "जास्त शहाणपणा केलास तर जाशील पाचोऱ्याला भाकरी थापायला."

तेव्हा अहिरे सर उठले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला. "तिला असं बोलायचं नाही. भट्टी उसनी होती, आणि मी गप्प उभा होतो. हे मी आत्ता विद्यापीठाला लिहून देतो."

"मान्यता जाईल. तुम्हाला मार्गदर्शकपद तर जन्मात मिळणार नाही," भाईदास सर म्हणाले.

सरांनी तो अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुझंही जाईल, लीला. आबा थांबणार नाहीत. लिहू का?"

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. भाईदास सरांचा पेन अजून माझ्याच हातात होता. मी तो सरांना दिला.

"लिहा," मी म्हटलं. "खाली माझीही सही घ्या."