पाचवं बटण

रांगतं बाळ घरात असलं की आईचं बोट दिवसातून वीसदा त्याच्या तोंडात जातं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी सवयीनं भिंगरीच्या गालात बोट फिरवलं आणि हाताला पिवळं बटण लागलं.

बटण माझंच होतं. नऊ महिन्यांच्या लेकीच्या अंगात मी शिवलेलं जाकीट होतं, आणि तसलीच चोवीस जाकिटं मी सकाळीच लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात देऊन आले होते. माझा पहिलावहिला माल.

सासूबाईंनी जाकीट खिडकीशी धरलं आणि दुसरं बटण चिमटीत घेऊन नुसतं ओढलं. दोरा सुळकन निघून आला. मागच्या आठवड्यात सुती दोरा संपला, तेव्हा मी भरतकामाच्या डब्यातला चमकता रेशमी दोरा काढला होता. रेशमाची गाठ बसत नाही, ती आपली आपण सुटते, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. मी शिकलेली. म्हटलं, आई, गाठ ती गाठ, आणि दिसतोय किती छान.

दुकानात फोन लावला. कोणी उचलेना. भिंगरीला खाली ठेवायचा धीर होईना, तिला तशीच कडेवर घेतली आणि निघाले.

दुकानात फळीवरची जाकिटं मोजली. तेवीस. दुकानवाल्या ताईंनी सांगितलं, एक गेलंय. सात-आठ महिन्यांचं बाळ होतं, आईनं इथंच अंगात घातलं आणि फोटो काढायला पुलाजवळच्या स्टुडिओत गेली. मी बटणाचं सांगितलं तशी ताईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"खरं सांगत बसू नकोस. माप चुकलंय म्हण आणि बदलून देते म्हण. बटणं निसटतात हे एकदा बाहेर गेलं ना, की तुझाही धंदा बसला आणि माझाही."

मला ते पटलं. लिहायला बरं वाटत नाही, पण पटलं. पुलापर्यंत मी ते वाक्य घोकत गेले. ताई, जरा माप चुकलंय. भिंगरी माझ्या कानातलं ओढत होती, आणि तेही माझ्या ध्यानात नव्हतं.

स्टुडिओ वरच्या मजल्यावर, जिना उभा. वर पोचले तेव्हा छातीत श्वास मावत नव्हता. पांढऱ्या लोकरी गालिच्यावर बाळ बसलं होतं, अंगात माझं जाकीट, तोंडात कॉलर. फोटोवाले काका खुळखुळा वाजवून थकलेले. बाळाची आई पिशवी धरून बाजूला उभी.

"ताई, तुम्ही आत्ता घेतलेलं जाकीट मी शिवलंय," मी सुरुवात केली, "त्याचं माप..." आणि माझी नजर बटणांवर गेली. चार. पुन्हा मोजली. चारच.

"मापाचं काय?"

"माप बरोबर आहे. बटणं सैल लागलीत. पाच होती, एक दिसत नाहीये. आधी त्याच्या तोंडात बघा."

तिनं बोट घातलं. बाळानं भोकाड पसरलं. तोंडात काही नव्हतं.

"गिळलं असेल तर?" तिनं विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या कडेवर माझं बाळ धडधाकट होतं, याचीच लाज वाटली.

काका कॅमेऱ्यावर वाकले. "एकसष्ट फोटो काढलेत. हा गडी एकातही हसला नाही, पण बटणं दिसतील."

ते एकेक फोटो पुढं सरकवू लागले. आम्ही दोघी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. पहिल्यात पाच. दहाव्यात पाच. तिसाव्यात हात आडवा. चाळिसाव्यात चार, आणि मुठीत पिवळं काहीतरी. मूठ तोंडाकडे निघालेली. एक्केचाळिसाव्यात खुळखुळा वाजला असावा, कारण बाळाची मान वळलेली, मूठ उघडी आणि हात गालिच्याच्या डाव्या कडेवर.

आम्ही तिघंही गुडघ्यांवर आलो. बटण लोकरीत रुतलेलं सापडलं, डाव्या कडेलाच.

तिनं बाळाला मांडीवर घेतलं. मग बाळाचं जाकीट काढून तिनं उरलेली बटणं एकेक करून ओढली. दोन हातात आली. ती दोन आणि गालिच्यातलं एक, अशी तिन्ही तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

"तुम्ही माप म्हणणार होतात."

"हो."

"मग थांबलात का?"

"चारच होती म्हणून."

तिनं जाकीटही माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "दुसरं शिवलंत तर माझ्यासमोर ओढून दाखवा. घ्यायचं की नाही, ते मग बघू."

परतताना मी तेवीसच्या तेवीस जाकिटं दुकानातून उचलली. ताईंनी विचारलं, माप म्हणालीस ना? मी नाही म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं, पण पिशवी मात्र दिली.

घरी सासूबाई सुती दोऱ्याचं नवं रीळ घेऊन बसल्या होत्या. भिंगरीच्या जाकिटाला त्यांनी एक बटण लावलं होतं. ते माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "ओढ."

मी ओढलं. कापड ताणलं गेलं, गाठ हलली नाही.

"अजून ओढ," त्या म्हणाल्या. "बाळ असं हळू ओढत नाही."