कड साफ आहे का?

वहिनींना कॅन्सरइतकीच भुलीची भीती वाटत होती. उभा जन्म बेकरीत पीठ चाळण्यात गेला आणि त्या पिठानेच छातीत दमा आणून बसवला. पूर्ण भूल दिली तर फुप्फुसं दगा देतील, असं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणून पाठीत इंजेक्शन देऊन फक्त छाती बधिर करायची आणि वहिनींनी जागंच राहायचं, असं ठरलं.

"अख्खा स्तनच काढा म्हणावं, एक घाव दोन तुकडे," वन्सं म्हणाल्या होत्या. वन्सं म्हणजे वहिनींची थोरली नणंद. भाऊ गेल्यापासून बेकरीचा गल्ला त्याच सांभाळायच्या आणि वहिनींनाही.

पण सर्जनबाईंनी दोघींना समोर बसवून समजावलं. "गाठीभोवती थोडी निरोगी मांसाची कड ठेवून कापायचं. तो तुकडा लगेच प्रयोगशाळेत तपासतात. रोग कडेपर्यंत पोचला नसेल तर झालं. पोचला असेल तर त्या बाजूने आणखी कापू."

"आणि तरीही निघाला तर?" वहिनींनी विचारलं.

"तर मग पूर्ण स्तन काढावा लागेल. पूर्ण भूल देऊन."



आता वहिनी ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या होत्या. हनुवटीपुढे हिरवा पडदा, पलीकडे सर्जनबाईंचे हात. दुखत काहीच नव्हतं, नुसती ओढाताण कळत होती. तेच त्यांना जास्त भयंकर वाटलं. उशाशी भूलवाले डॉक्टर स्टुलावर बसले होते.

"तुकडा निघाला," पडद्यापलीकडून आवाज आला. "बाजू ओळखायला वर लांब दोरा बांधलाय, बाहेरच्या बाजूला आखूड. प्रयोगशाळेत नीट सांगा."

नर्स डबी घेऊन गेली. मग नुसतं थांबायचं. आपल्या अंगाचा एक तुकडा कुठल्यातरी खोलीत काचेखाली पडलाय आणि आपण इथे, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

"वहिनी, माझा पाव घरी नेहमी बसतो. का हो?" भूलवाल्यांनी विचारलं.

"घाई करत असाल," वहिनी तुटकपणे म्हणाल्या. "पीठ फुगायच्या आधीच भट्टीत घालत असाल."

"बायकोही हेच म्हणते."

भिंतीवरचा फोन खणाणला. नर्सने बटण दाबलं आणि प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "बाकी कडा साफ आहेत. खालची नाही. तिथे रोगाच्या पेशी पार कडेपर्यंत आहेत."

वहिनींचा श्वास आखडला, छातीतून ओळखीची शीळ निघाली आणि खोकल्याची उबळ वर चढू लागली.

"हलू नका!" सर्जनबाई ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, ऐकलंत ना? खालून आणखी थोडं घेते. हे होतं कधीकधी."

भूलवाल्यांनी नाकाशी दम्याच्या औषधाची वाफ धरली. "थोडं गुंगीचं औषध देऊ? काही ऐकू यायचं नाही."

क्षणभर वहिनींना वाटलं, द्यावं. डोळे मिटावेत आणि काय व्हायचं ते आपल्या माघारी होऊ द्यावं. पण गुंगीतून उठलोच नाही तर? "नको," त्या कशाबशा म्हणाल्या. "हात धरा फक्त."

त्यांनी हात धरला. दुसरा तुकडा गेला. ही वाट पाहणं पहिल्यापेक्षा वाईट होतं, कारण आता पुढचं पाऊल काय ते ठाऊक होतं. सर्जनबाई हात वर धरून उभ्या होत्या. वहिनींनी भूलवाल्यांचा हात इतका आवळला की त्यांनी हळूच बोटं सोडवून रुतणारी अंगठी खिशात टाकली आणि हात परत दिला.

फोन वाजला. नर्सने बटण दाबलं.

"खालची कड साफ आहे."

"पुन्हा सांगा," सर्जनबाई म्हणाल्या.

"साफ आहे. नवी कड पूर्ण साफ. पक्का रिपोर्ट पुढच्या आठवड्यात."

वहिनींना वाटलं होतं, अशी बातमी आली की हायसं वाटेल. झालं भलतंच. अंगाला कापरं भरलं, दातांवर दात आपटू लागले. नर्सने गरम पांघरूण घातलं तरी थांबेना. 'पक्का रिपोर्ट' एवढेच दोन शब्द कानात अडकून बसले होते.

बाहेर वन्सं उभ्याच होत्या. ढकलगाडी दिसताच धावल्या.

"काढला?"

"नाही. गाठ काढली फक्त. कड साफ आहे म्हणाले. पण अजून पक्कं नाही, वन्सं. मला फार भीती वाटतेय."

वन्संनी वहिनींच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"मलाही गं," त्या म्हणाल्या, आणि गाडीचा दांडा धरून वॉर्डापर्यंत तशाच सोबत चालत राहिल्या.