निम्मा शब्द पुसला

सिस्टर दवाखान्यात लैंगिक आजारांच्या तपासणीच्या खोलीत बसायच्या. त्यामुळे लाज त्यांनी कधीच गुंडाळून ठेवली होती. त्यांच्या धाकट्या लेकीला मात्र ते अजून जमलं नव्हतं. आई आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गापुढे या आजारांवर बोलणार हे कळल्यावर तिनं तोंड फुगवलं. दुसऱ्या कुणाला तरी पाठव, नाहीतर पोट दुखतंय सांगून मी घरीच राहते, अशी धमकीही दिली. पोट दुखलंच तर मीच तपासेन, असं आईनं म्हटल्यावर धमकीतली हवा गेली.

शाळेत मुख्याध्यापकांचं वेगळंच होतं. त्यांना मुलं-मुली वेगळ्या खोल्यांत बसवायच्या होत्या, आणि जमलं तर विषयही नुसता ‘स्वच्छता’ एवढाच ठेवायचा होता. सिस्टरनी चहाचा कप खाली ठेवला.

“सर, आजार काही मुलांची रांग, मुलींची रांग बघून येत नाही. एकत्रच बसू द्या.”

सरांनी मान डोलावली आणि स्वतःही मागच्या बाकावर अंग चोरून बसले.

सिस्टरनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘गुप्तरोग’ लिहिलं. वर्गात खसखस पिकली. त्यांनी ती पिकू दिली. दाबलेलं हसू तासभर पुरतं, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज ओसरल्यावर त्यांनी डस्टर उचलला आणि ‘गुप्त’ पुसून टाकलं.

“आता काय उरलं? नुसता रोग. रोग तपासता येतो, त्यावर उपचार असतो. माझ्याकडे येणारी माणसं रोगापेक्षा लपवालपवीनंच जास्त बेजार झालेली असतात.”

मग त्या आडपडदा न ठेवता बोलत गेल्या. कोणत्या आजारांवर लस आहे, कोणते औषधानं पूर्ण बरे होतात, कोणते जन्मभर औषधांनी ताब्यात ठेवावे लागतात. काहीही त्रास नसताना लागण असू शकते, तोंडावरून काही कळत नाही. निरोध कसा वापरायचा आणि दर वेळी का. नको म्हणायला कारण द्यावं लागत नाही, हेही त्यांनी ठासून सांगितलं.

काही विचारायचंय का, म्हटल्यावर साऱ्या माना खाली गेल्या. तेवढ्यात धाकटी उठली. कान लाल झाले होते, पण आवाज ठाम होता.

“आई... म्हणजे मॅडम, एखाद्याला नुसती शंका आली आणि तो तपासायला आला, तर तुम्ही त्याला रागावता का?”

‘आई’ ऐकूनही कुणी हसलं नाही. उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.

“मुळीच नाही,” सिस्टर म्हणाल्या. “रागवायला ज्याच्या त्याच्या घरी भरपूर माणसं असतात. आम्ही तपासतो.”

आता वर्ग मोकळेपणानं हसला आणि हात वर होऊ लागले. तपासणीत दुखतं का? बरं झाल्यावर पुन्हा होतो का? शेवटी मुख्याध्यापकांनीही घसा खाकरून विचारलं, की मोठ्या माणसांना लस घेता येते का. काही घेता येतात, दवाखान्यात या, असं सिस्टरनी सांगितलं. घंटा होऊन गेली तरी कुणी उठेना.

घरी जाताना, तिनं विचारलेला तो शंकेचा प्रश्न नेमका कुणाचा होता, हे सिस्टरनी लेकीला विचारलं नाही. धाकटी त्यांच्या बरोबरीनं चालत होती. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी जरा मोठ्यानं बोल. मागच्या बाकांवर नीट ऐकू येत नव्हतं.”