भोवऱ्या पास होतो

आजोबांनी नाटक कंपनीत आयुष्यभर प्रॉम्प्टरचं काम केलं. विंगेतल्या अंधारात उभं राहायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं, तेही असं की पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागू नये. त्यांचंच ऐकायचं तर या धंद्यात त्यांच्या तोडीचा माणूस झाला नाही. एकदा नायकाने तिसऱ्या अंकात मरायचं सोडून पहिल्याच अंकात प्राण सोडला. आजोबांनी विंगेतून नुसती भुवई उडवली, तसा मेलेला नायक उठून बसला, काय भयंकर स्वप्न पडलं म्हणाला, आणि टाळ्या घेऊन गेला. दुसऱ्या एका नटाचा ऐन प्रयोगात आवाज बसला, तेव्हा आजोबा त्याच्या पाठीमागच्या कपाटात शिरून अख्खं नाटक बोलले. बक्षीस अर्थात नटाला मिळालं. थिएटरातलं मांजर त्यांच्या इशाऱ्यावर शिंकायचं असंही ते सांगतात. बाकीचं सोडा, मांजराचं खरं असावं.

पुढे कंपनीतले नट म्हातारे झाले, त्यांचे कान गेले, कुजबुज ऐकू येईना. तेव्हा आजोबांनी बोटांची भाषा काढली. गुडघ्यावर टिचकी म्हणजे पुढे चल. तळवा पालथा म्हणजे थांब. अंगठा आत म्हणजे मागे वळ, शहाण्या, भिंतीशी बोलतोयस. या तीन इशाऱ्यांवर कंपनी आणखी कित्येक वर्षं चालली, हे मात्र पुष्कळांनी पाहिलेलं आहे.

अशा माणसाच्या घरात जन्मलेला नातू तिसरं वर्ष निम्मं सरलं तरी एक शब्द बोलत नव्हता.

नातवाला सगळे भोवऱ्या म्हणत. डब्याचं झाकण, बाटलीचं बूच, बशी, जे गोल सापडेल ते जमिनीवर गरगर फिरवायचं आणि त्याला नाक लावून बघत बसायचं, हा त्याचा उद्योग. हाक मारली तर वळायचा नाही. भूक लागली तर मागायचा नाही, नुसता रडायचा, आणि कशासाठी रडतोय ते घरच्यांनी ओळखायचं. त्याची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून खपायची आणि संध्याकाळी घरी येऊन पोराच्या नजरेला आपण कुठे दिसतोय का ते शोधायची. नवरा बोटीवर होता. फोन करून आपला वाघ काय म्हणतोय एवढं विचारायचा, आणि वाघ काहीच म्हणत नसल्यामुळे बोलणं तिथेच संपायचं.

आजोबांना काळजी म्हणून नव्हतीच. आपल्या घराण्यात सगळे उशिरा बोलतात, मी स्वतः पाच वर्षांचा होईपर्यंत ब्र काढला नाही आणि काढला तो थेट स्वगत, असं ते सांगायचे. बाबा, तुमचं घराणं राहू द्या, असं म्हणून मुलीने पोराला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. ज्या लहान मुलांचं बोलणं, चालणं, माणसांत मिसळणं कुठेतरी अडून बसतं, त्यांना तिथे हाताशी धरतात. पण आधी तपासणी होते, जागा थोड्या असतात आणि मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत घ्यावं लागतं. नंतर वाट दुसऱ्या खात्याकडे जाते, आणि तिथली रांग एवढी मोठी की पोराला मिसरूड फुटेल. म्हणून मुलीचा जीव त्या एका तपासणीत अडकला होता. आजोबांचं म्हणणं, हस्तक्षेपच करायचाय तर मी घरी फुकट बसलोच आहे की.

नाव घालायला गेले त्या दिवशी आजोबा बाहेरच्या बाकावर बसले होते. समोरच्या दाराला काच होती. आत एक बाई सुटकेससारखी पेटी उघडून दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीची तपासणी करत होत्या. ठोकळ्यांचा मनोरा. बाहुलीला कपातून पाणी पाजणं. मागितलेली वस्तू हातात देणं. चित्रातला चेंडू दाखवणं. जाताना हात हलवणं. आजोबांना एकदा वाचलेलं नाटक पाठ व्हायचं, हे तर काय, छोटं प्रहसन. ती मुलगी मनोऱ्याशी अडली, बाहुलीशी अडली, आणि पेटीवाल्या बाई काही न सांगता नुसत्या बघत राहिल्या. आजोबा मनाशी म्हणाले, आपला पोरगा असा उघडा पडता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी कामावर गेली की घरात तालीम सुरू झाली. भोवऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही हे खरं, पण झाकणं फिरवून देणारी आजोबांची बोटं त्याला ओळखीची होती. बोटांकडे तो बघायचा. तेवढं आजोबांना पुरेसं होतं. टिचकी, की ठोकळा ठेव. टिचकी, की कप बाहुलीच्या तोंडाशी ने. पालथा तळवा, की थांब. बरोबर केलं की बक्षीस म्हणून झाकण गरगर. पोरगं आठवडाभरात तयार झालं. असा तल्लख नट आपल्या हाताखाली आला नव्हता, असं आजोबा पुढे सांगत, आणि हे मात्र मनापासून.

तपासणीच्या दिवशी आजोबा कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून, देवळातल्या नंदीसारखे बसले. भोवऱ्याने मनोरा रचला. बाहुलीला पाणी पाजलं. चेंडूवर बोट ठेवलं. जाताना हातही हलवला, फक्त दाराकडे तोंड करून. पेटीवाल्या बाईंनी कौतुक केलं आणि आईला समजावलं की बोलणं मागे आहे, पण बाकी सगळं सीमारेषेच्या वर आहे, एवढ्यावर जागा देता येत नाही. घरी त्याच्याशी खूप बोला, सहा महिन्यांनी हवं तर विचारा. सहा महिन्यांनी तो तीन ओलांडून गेलेला असणार होता.

आजोबा घरी येताना रस्ताभर शीळ वाजवत होते. मुलीला कळेना की हसावं की काय करावं. जागा गेली, पण पोरगं तर ठीक आहे म्हणतात. शेवटी तिने हसायचं ठरवलं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, की वाघ पास झाला.

मग तिने घरी कप पुढे केला. बाहुली पुढे केली. भोवऱ्याने बाहुलीच्या फ्रॉकचं बटण गोल आहे एवढी नोंद घेतली आणि झाकणाकडे वळला. ती रोज संध्याकाळी मागायची, दे बाळा, आईला दे. तो जणू खोलीत कुणी नाहीच असा असायचा. तिला वाटू लागलं की दोष आपल्यातच आहे. परक्या बाईला देतो आणि आईला देत नाही.

असं बरेच दिवस चाललं. पलंगावर बसलेल्या आजोबांना ते बघवेना. देतो की, नीट माग, असं म्हणत त्यांचं बोट गुडघ्यावर एकदा वाजलं. भोवऱ्या उठला आणि कप आईच्या हातात ठेवला. ठेवताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तो कुठे बघतोय म्हणून तिने मान वळवली, तर गुडघा.

तो गुडघा तिच्या चांगला ओळखीचा होता. शाळेच्या स्पर्धेत ती कविता म्हणायला उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेत हाच गुडघा होता आणि त्यावर हेच बोट वाजत होतं. बक्षीस मिळालं होतं, आणि ती कविता आपल्याला येत होती की नाही हे तिला आजवर कळलेलं नव्हतं.

तिने आदळआपट केली असती तर आजोबांनी तोंड दिलं असतं, नटांच्या रुसव्याफुगव्यात त्यांची हयात गेली होती. ती नुसती खाली बसली.

"बाबा, तुम्ही त्याला पास केलंत."

"मग काय, नापास करायला घेऊन गेलो होतो?"

"हो. त्यासाठीच नेलं होतं. तो अडतो कुठे ते त्यांना दिसायला हवं होतं. तुम्ही ते झाकलंत, आणि आता त्याला शिकवायला कुणी येणार नाही."

आजोबा एवढंच पुटपुटले की पोरगं शिकलं तर होतंच ना. तिने विचारलं, काय शिकलं? तुमचं बोट बघायला? तुम्ही किती दिवस पुरणार आहात?

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी काढून ती केंद्रावर गेली. निकाल मान्य नाही म्हणून भांडणारे आईबाप तिथे नेहमी यायचे, पण ते सगळे आमचं मूल हुशार आहे म्हणून भांडायचे. माझा मुलगा तुम्ही समजता तेवढा चांगला नाही, असं सांगायला आलेली ही पहिलीच. कुठल्या आईला असली विनवणी करायची हौस असते? पेटीवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. मी त्याचे हात बघत राहिले, डोळे कुठे आहेत ते बघायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत एकच दिवस मोकळा होता, तो त्यांनी दिला. आजोबांनाही घेऊन या, त्यांना त्याच खुर्चीवर बसू दे, मला फरक बघायचाय.

त्या दिवसापर्यंत आजोबांना जगातले सगळे रोग होऊन गेले. आधी पाठ धरली, मग छातीत कळ आली, मग डाव्या कानात समुद्र वाजू लागला. खरं दुखणं शेवटी बाहेर पडलं. अडलेला नट डोळ्यांसमोर आहे आणि आपण गप्प बसायचं, हे आपल्याच्याने होणार नाही. मुलगी म्हणाली, होईल. आणि नाही झालं तर या वेळी दुसरा प्रयोग नाही.

खोलीत सगळं तसंच होतं. पेटी, ठोकळे, बाहुली. आजोबा खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. बाईंनी ठोकळा पुढे केला. भोवऱ्याने गुडघ्याकडे बघितलं. गुडघ्यावर काही नव्हतं. तो थांबला. तालमीत शिकवल्यासारखा, अगदी शहाण्या मुलासारखा थांबला, आणि थांबूनच राहिला. बाईंनी ठोकळा बाजूला ठेवून बाहुली दिली. कप दिला. चित्र दाखवलं. नावाने हाक मारली, आधी हळू, मग मोठ्याने, मग पाठीमागून टाळी वाजवून. काही नाही. आईने ओठ दाबून धरले होते. तो अडावा म्हणूनच ती आली होती, पण एवढा अडेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

आजोबा घामाने भिजले. मांडीखालचं बोट आपलं आपण हलत होतं, त्यावर त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला.

मग भोवऱ्या उठून त्यांच्याकडे आला. मांडीखालचा हात त्याने मनगटाला धरून ओढून काढला आणि गुडघ्यावर नेऊन ठेवला. बोट वाजेना, तेव्हा त्याने ते बोट उचलून खाली आपटलं. पुन्हा आपटलं. हात मेल्यासारखा पडून राहिला, तसा तो जमिनीवर पालथा पडून रडू लागला, आणि ते रडणं खोलीत कुणालाच थांबवता आलं नाही.

जागा मिळाली. बाईंनी मिळालेले गुण सांगितले, तेव्हा आईने एकदाच मान हलवली आणि पोराची टोपी सारखी करत बसली. आजोबांचं लक्ष निकालाकडे नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघितलंत ना? त्याने मला बोलावलं," ते म्हणाले.

खोटं बोलावं असं बाईंना वाटलं असेल तर ते दिसलं नाही.

"तुम्हाला नाही, आजोबा. तुमच्या हाताला बोलावलं. त्याने तुमच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही."

आजोबांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला, जणू कुणी दुसऱ्याचाच आणून लावला होता.

मग बाईंनी विचारलं की मूल दिवसभर घरी कुणाजवळ असतं. आठवड्यातून एकदा मी येईन, पण खरं काम घरच्या माणसाचं, रोजचं. आईने वडिलांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"माझे वडील असतात," ती म्हणाली.

त्यांना जमेल का, असं बाईंनी विचारलं नाही. जमणार कसं, तेवढं सांगितलं. झाकण फिरवायचं नाही. ते आपल्या डोळ्यांजवळ धरायचं आणि वाट बघायची. तोंडातून शब्द नाही, बोटातून इशारा नाही. त्याची नजर आपल्या डोळ्यांपर्यंत आली की लगेच झाकण द्यायचं. आजोबांनी विचारलं, आणि नाही आली तर? तर वाट बघायची, बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आजोबा जमिनीवर पाय पसरून बसले आणि डब्याचं झाकण त्यांनी गालाशी धरलं. भोवऱ्या आला. झाकणाकडे हात केला, मिळालं नाही. आजोबांचा कोपर ओढला, शर्ट ओढला, रडायला तोंड वाकडं केलं. आजोबांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. आयुष्यात कुठल्याही रंगमंचावर एवढी शांतता त्यांनी टिकू दिली नव्हती. शेगडीवर दूध वर चढत होतं. त्यांना ते दिसत होतं.

मुलगी पर्स खांद्याला लावून दारात आली होती. दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. दूध उतू गेलं, शेगडीवर चरचरलं, जळका वास सुटला. आजोबा हलले नाहीत. भोवऱ्याची नजर झाकणावरून त्यांच्या हनुवटीवर आली, तिथे जराशी घुटमळली, आणि परत झाकणावर गेली.

मुलीने पुढे होऊन शेगडी बंद केली. पर्स खांद्यावरून न काढताच ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तीही वाट बघू लागली.